काचेआडचा तळवा

संग्रहालयात काचेच्या पेटीत अंतराळवीराचा हातमोजा ठेवला आहे, तळवा वर करून. कोणी हातावर काही ठेवील म्हणून थांबल्यासारखा.

माझी मुलगी आज पहिल्यांदाच एकटीने विमान उडवणार आहे. घरात बसवेना म्हणून मी बाहेर पडले आणि येऊन उभी राहिले ती नेमकी या दालनात. सकाळी तिच्या हातावर घालायला दहीच नव्हतं. विरजण लागलं नव्हतं. "राहू दे गं आई, दह्यावर विमान चालत नाही," म्हणत ती हसत गेली. खरंच आहे तिचं. पण बारावीच्या पेपरालासुद्धा ती दह्याशिवाय गेली नव्हती.

एवढी यंत्रं, एवढी गणितं; तरी हा मोजा घालून गेलेल्या माणसाच्या आईनेही निघताना काहीतरी केलंच असेल. तो परत आला, म्हणून मोजा इथे आहे. जे परत येत नाहीत, त्यांचं काय मांडतात?

फोन अजून गप्प आहे.

"ताई, काचेला हात लावू नका," पहारेकरी हळूच म्हणाला. मी हात काढला. काचेवर माझ्या घामेजल्या तळव्याचा ठसा उमटला होता, बरोबर त्या मोज्याच्या वर. पुसायला पदर उचलला, पण पुसवेना.