इमानआक्का

आकाशात विमानाचा आवाज आला की इमानआक्का हातातलं काम सोडून उभ्या राहायच्या. डोक्यावर तुपाचा डबा असो, नाहीतर दारात कुणाशी भांडण जुंपलेलं असो, आवाज पार विरेपर्यंत त्या जागच्या हलत नसत. तोंडातला शब्दसुद्धा अर्धाच राहायचा. एकदा आमच्या ओसरीवर बसून त्या आईला शेळीच्या दुखण्याचं सांगत होत्या. "पोट फुगलं आन्..." एवढ्यावर थांबल्या. विमान डोंगराआड गेलं, तेव्हा त्यांनी शांतपणे वाक्य पुरं केलं, "मेली."

त्यांचं खरं नाव ठकूबाई. वेल्ह्याच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या माथ्यावर धनगरांची चार-पाच घरांची वस्ती आहे, तिथल्या त्या. म्हशी आणि शेरडं हेच त्यांचं घरदार. आठवड्याला तूप घेऊन खाली मार्गासनीला उतरायच्या आणि आमच्या घरी चहा घेतल्याशिवाय पुढं जायच्या नाहीत. विमानाला त्या 'इमान' म्हणत, म्हणून गावानं त्यांचं नाव इमानआक्का पाडलं. त्यांच्या तोंडावर कुणी तसं म्हणालं तरी त्यांना राग येत नसे.

या नावामागची गोष्ट मला आईनं सांगितली, आणि थोडीफार आक्कांनी. त्यांना एक धाकटा भाऊ होता, बाबू. आई लहानपणीच गेल्यामुळे आक्कांनीच त्याला वाढवलं. तो वस्तीतला पहिला शिकलेला मुलगा. पुढं तो हवाई दलात लागला. मोठमोठ्या मालवाहू विमानांत सामान चढवायचं, ते नीट बांधायचं आणि विमानाबरोबर जायचं, हे त्याचं काम. सुट्टीवर आला की बहिणीला सांगायचा, "आक्के, आमच्या इमानाच्या पोटात आख्खा ट्रक जातो. आपली सगळी शेरडं आत बसतील." आक्का हसून म्हणायच्या की बाबू फौजेत जाऊन थापा मारायला शिकला. एका थंडीत त्याचं विमान दूरच्या बर्फाच्या डोंगरांकडे गेलं आणि परत आलं नाही. वेल्ह्याहून एक पोलीस वस्तीवर निरोप घेऊन आला, की विमान बेपत्ता आहे. शोध पुष्कळ झाला. काही सापडलं नाही.

आक्कांचा त्यावर विश्वास बसला नाही. शेरडू हरवलं तर त्या रानात जाऊन ते शोधूनच परतायच्या. जिवंत नाही मिळालं तर निदान त्याची हाडं तरी दिसायची. डोंगरात कुठलीच गोष्ट नाहीशी होत नाही, हे त्यांचं ठाम मत होतं. "येवढंसं करडू घावतं मला," त्या आईला म्हणायच्या, "आन् ट्रक गिळणारं इमान सरकारला घावत न्हाई? कुठंतरी उतरलं आसंल ते. परक्या मुलखात आडकला आसंल बाबू." मग कपाळावर हात धरून वर बघत राहायच्या.

त्यांच्या वस्तीशेजारी करवंदीच्या जाळीत पूर्वजांचे दगड मांडलेले आहेत. माणूस गेलं की त्याच्या नावाचा एक दगड तिथं बसतो, त्याला शेंदूर लागतो, सणावाराला नैवेद्य जातो. बाबूचा दगड मांडायचं वडिलांनी किती वेळा काढलं, पण आक्कांनी मांडू दिला नाही. वडील ते दुःख घेऊनच गेले. पुढं आक्कांचे केस पिकले, सून आली, नातवंडं झाली. दगडांच्या त्या रांगेत वडिलांच्या दगडानंतरची जागा मात्र त्यांनी कुणाला घेऊ दिली नाही आणि भरूही दिली नाही.

मी नसरापूरला फोटो स्टुडिओ चालवते. लग्नं, जावळं, आधारकार्डाला लागणारे फोटो, हे माझं रोजचं काम. हौस म्हणून मात्र जुनी यंत्रं टिपत हिंडते. दोन वर्षांपूर्वी एका दूरच्या शहरातल्या विमानांच्या संग्रहालयानं छायाचित्रकारांना बंद झाल्यानंतर आत येऊ द्यायचं ठरवलं. दिवसा गर्दी असते, काचांतून ऊन येतं, त्यामुळे एवढ्या मोठ्या विमानाचा नीट फोटो मिळत नाही. रात्री दालन अंधारं करून निवांत काम करता येणार होतं. मदतीला एक माणूस आणायची मुभा होती. तिथलं सगळ्यांत मोठं विमान होतं ते चार पंख्यांचं जुनं मालवाहू, बाबूच्या विमानाच्याच जातीचं. मी आक्कांना मोबाईलवर त्याचा फोटो दाखवला.

त्यांनी मोबाईल हातात घेतला, जवळ धरला, लांब धरला. मग म्हणाल्या की ह्यात ते करंगळीएवढं दिसतंय, खरं केवढं असेल ते कळत नाही. चहा तसाच ठेवून उठल्या आणि जाता जाता म्हणाल्या, "मला ने तिकडं. मला ते बघायचंय."

सुनेनं भाकरी आणि चटणी बांधून दिली. कापूरहोळहून एसटीनं पुण्याला गेलो आणि तिथून रेल्वे धरली. रात्र आणि पुढचा अख्खा दिवस प्रवास होता. आक्का खिडकी सोडून हलल्या नाहीत. सपाट मुलूख लागला तेव्हा त्या मान हलवून म्हणाल्या, इथं शेरडू हरवायचं म्हटलं तरी हरवायचं नाही. 

संग्रहालय बंद झाल्यावर दालनात शिरलो तेव्हा थोडे दिवे चालू होते. विमान समोर उभं होतं आणि त्याची शेपटी वर छपराच्या काळोखात कुठंतरी गेली होती. माझ्यासारखीला, रोज चार भिंतींत फोटो काढणारीला, ते बघून धडकी भरली. आक्का चपला काढून आत आल्या होत्या. त्या विमानाभोवती सावकाश एक फेरी मारून आल्या. मग त्यांनी त्याच्या अंगावर तळवा ठेवला आणि बोटाच्या पेरानं हळूच वाजवून पाहिलं.

"पत्राच हाय की गं," त्या म्हणाल्या. "म्या समजत हुते, लोखंड आसंल."

तिथल्या रखवालदाराला मी थोडक्यात सगळं सांगितलं. तो किल्ल्या घेऊन आला आणि त्यानं मागचं मोठं दार उघडून दिलं. आक्का विमानाच्या पोटात गेल्या. आतल्या बाजूला कडेनं बसायला पट्ट्यांची बाकं होती, त्यांतल्या एकावर टेकल्या. त्यांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली. "बसतील," एवढंच म्हणाल्या. कोण बसतील, ते मला विचारायला लागलं नाही.

मग मी कामाला लागले. अशा फोटोसाठी सगळे दिवे मालवायचे, कॅमेरा तीन पायांच्या तिकाटण्यावर ठेवून बराच वेळ उघडा ठेवायचा, आणि तेवढ्यात कुणीतरी बॅटरी घेऊन विमानाच्या बाजूनं त्याच्यावर उजेड टाकत चालत जायचं. चालणारं माणूस गडद कपड्यांत असलं आणि थांबलं नाही, तर ते फोटोत येत नाही. उजेड तेवढा येतो. आक्कांना मी हे समजावलं. त्यांनी गडद हिरवं जुनं लुगडं नेसलं होतं, त्यामुळे अडचण नव्हती.

दिवे मालवले. नाकापासून सुरुवात करून आक्का चालू लागल्या. शेरडांमागं चालतात तशी त्यांची चाल होती, ना घाई, ना रेंगाळणं. उजेड खिडक्यांवरून, पंख्यांवरून, पंखाच्या पोटाखालून सरकत गेला. पण मागच्या उघड्या दाराशी पोचल्यावर त्या थांबल्या. बॅटरी आत रोखून तशाच उभ्या राहिल्या. मी पुढं चला म्हणायला हवं होतं. मला म्हणवलं नाही.

बाहेर येऊन आम्ही पायरीवर बसलो. आक्कांनी पदरानं तोंड पुसलं. मग म्हणाल्या, "पोरी, मला वाटायचं इमान म्हंजी डोंगरायेवढं. येवढं थोरलं कसं हरवंल? पर तोरण्याच्या एका घळीत मावंल गं हे. वरनं बरफ पडला तर कुणाला दिसंल?"

शोधणाऱ्यांनी खूप शोधलं असेल, असं काहीतरी मी पुटपुटले.

"व्हय," आक्का म्हणाल्या. "लई शोधलं आसंल त्यांनी. म्या उगाच बोल लावला."

परतीच्या वाटेवर त्या खूप झोपल्या. मला मात्र झोप लागली नाही. बाबू कुठंतरी आहे या आशेवर या बाईचा जन्म गेला होता, आणि मी तिला गाडीत बसवून ती आशा संपवायला घेऊन गेले होते. आईला मी हे बोलून दाखवलं. आई म्हणाली, थांब, ती काय करते ते बघ.

पावसाळा सरल्यावर आक्कांचा निरोप आला. मी आणि आई चढून वस्तीवर गेलो. करवंदीच्या जाळीत, वडिलांच्या शेजारच्या रिकाम्या जागी, आक्का ओढ्यातून निवडून आणलेला एक काळा गुळगुळीत दगड बसवत होत्या. त्यांनी दगडाला शेंदूर लावला. नैवेद्य ठेवला आणि त्या मोठ्यानं रडल्या, काल कुणी गेल्यासारख्या. मुलगा त्यांना धरायला पुढं झाला, तर माझ्या आईनं त्याला खुणेनं थांबवलं. इतक्या वर्षांचं ते रडू होतं, ते सरेपर्यंत आम्ही सगळे उन्हात उभे राहिलो.

त्यानंतर आक्का पुरतं वर्षही राहिल्या नाहीत. उन्हाळ्यात गेल्या. बातमी कळली तेव्हा मी एका लग्नाच्या फोटोंत अडकले होते, मला वेळेवर पोचता आलं नाही.

दिवसकार्य झाल्यावर भेटायला गेले, तर सून म्हणाली, "ताई, आत्यांचा फोटू आसंल की तुमच्याकडं. तुमी येवढं लांब घिऊन गेल्ता." मी घरी येऊन सगळं धुंडाळलं. जन्मभर लोकांचे फोटो काढणाऱ्या माझ्याकडे आक्कांचा एकही नव्हता. शेवटी त्या रात्रीचा फोटो मोठा करून घेतला आणि वस्तीवर नेला.

सुनेनं तो दोन्ही हातांत धरून पाहिला. काळोखात उजळलेलं ते अवाढव्य विमान, नाकापासून शेपटीपर्यंत. तिनं विचारलं, "ह्यात आत्या कुठं हायेत?"

आक्का बॅटरी रोखून थांबल्या होत्या ते मागचं दार मी तिला दाखवलं. तिथं उजेड इतका जास्त पडलाय, की आतलं काही दिसत नाही.