नोनाचा जोगवा

आमच्या वसाहतीच्या असोसिएशनच्या अ‍ॅपवर तो मेसेज मी टाकला होता. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही.

अमेरिकेतल्या डब्लिनच्या या घरात आम्ही नुकतेच राहायला आलो होतो. मार्च होता, ड्राइव्हवेवर अर्धवट वितळलेला बर्फ. मी घरून काम करत होतो. बेल वाजली म्हणून फोनवर कॅमेरा बघितला. काळा कोट घातलेली एक म्हातारी, हातात रिकामं भांडं. मी हललो नाही. तिनं परत बेल दाबली, कॅमेऱ्याकडे बघून हसली, भांडं जरा वर धरलं आणि पुढच्या घराकडे गेली. मी लिहिलं, 'एक अनोळखी बाई घरोघर भीक मागते आहे. काळजी घ्या.' त्या अ‍ॅपवर नाव न देता लिहिता येतं.

तासाभरात खिडकीतून पोलिसांची गाडी दिसली. म्हातारी गाडीपाशी उभी राहून काहीतरी समजावत होती. भांड्यात आता थोडं पीठ होतं, ते सांडू नये म्हणून तिनं भांड्यावर हात धरला होता.

जेवताना बायको म्हणाली, "अरे, ती कोपऱ्यावरच्या घरातली नोना. नोना म्हणजे त्यांच्याकडे आजी, सगळे तिला तेच म्हणतात. सिसिलीची आहे. तिकडे म्हणे पूर्वी मोठा दुष्काळ पडला, लोकांनी संत जोसेफला साकडं घातलं, पाऊस आला. तेव्हापासून त्याच्या नावानं टेबल मांडतात, येईल त्याला जेवू घालतात. पण सामान मागूनच आणायचं, घरात सगळं असलं तरी. आपला जोगवाच की! आणि कुणा मेल्यानं तिच्यावर पोलीस घातले!"

"हू डज दॅट, डॅड?" मुलगी म्हणाली.

"असतात लोक," मी म्हणालो आणि आमटी वाढून घेतली.

जोगवा मला समजावून सांगायची गरज नव्हती. नवरात्रात माझी आई परडी घेऊन पाच घरी जायची. वडील बँकेत मॅनेजर, घरात डबे भरलेले, तरी जायची. माझ्या वर्गातल्या मुलाच्या दारात ती उभी राहिली, की मी जिन्याखाली लपायचो. कॅमेऱ्यातलं ते भांडं मला ओळखू आलं नाही, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होतो. खरं म्हणजे ते फार लवकर ओळखू आलं.

त्या वर्षी आम्ही तिच्या टेबलाला गेलो. क्रॉसच्या आकाराचे पाव, आर्टिचोक, आणि पास्त्यावर परतलेला पावाचा चुरा. जोसेफ सुतार होता ना, म्हणून तो त्याचा लाकडाचा भुसा. नोनानं माझा हात धरला.

"तूच ना तो, दार न उघडणारा? अरे, आमच्या गोष्टीत जोसेफलाही आधी दोन दारांतून हाकलतात. कुणीतरी ते काम करायला हवंच!" ती खळखळून हसली. माझ्या तळहातावर वालासारखी एक सुकी बी ठेवली. दुष्काळात याच बियांनी त्यांना तारलं होतं. "खिशात ठेव. घरात काही कमी पडणार नाही."

तिनं मला फक्त दारापुरती माफी दिली होती. बाकीचं तिला ठाऊकच नव्हतं.

पोलिसांचं ऐकून तिचा मुलगा अ‍ॅरिझोनाहून आला होता. आई दारोदार मागत फिरते, म्हणजे डोकं ठिकाणावर नाही, असं त्यानं ठरवलं. ती सांगत राहिली, पण त्यानं ऐकलं नाही. उन्हाळ्यात घर विकलं. आता ती वृद्धाश्रमात आहे. तिथल्या खोलीत शेगडी नाही, त्यामुळे टेबलही नाही.

बायको अधूनमधून तिला भेटून येते. "चल ना यार, तुझी आठवण काढते ती."

"मीटिंग आहे."

मीटिंग नसते. मी नंतर एकटाच ड्राइव्ह करत जातो, तिथल्या पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवून बसतो आणि परत येतो. सिग्नलला थांबलो की हात कोटाच्या खिशात जातो. बी तिथेच असते. परवा परत मार्च लागला.

मी तिला भांडंभर पीठ देणं लागतो. आणि तो मेसेज माझा होता, हे आधी तिला आणि मग तिच्या मुलाला सांगणंही बाकी आहे.