पॉपवरून आयमॅपवर

वारा फिरला की बेटेगावात कारखान्यांचा आंबट वास येतो आणि ती दुपार आठवते. ऑफिसची मेल तेव्हा पॉप नावाच्या जुन्या पद्धतीने फक्त माझ्या कॉम्प्युटरवर उतरायची, त्यामुळे गिऱ्हाईक काय म्हणतंय ते साहेब मलाच विचारत. त्या दुपारी कॉम्प्युटरवाला आयमॅप ही नवी पद्धत लावायला आला.

“माझ्या मेल जातील?”

“नाय ओ ताई. आता सर्व्हरवरच राहतील, साहेबांना घरी बसून दिसतील.”

“मग मी कशाला?”

तो हसला. साहेब हसले नाहीत.

तेव्हा मी कॉम्प्युटरवाल्यावर चिडले होते. आज वाटतं, खरं बोलला तो एकटाच. महिन्याभराने साहेबांनी “जरा बोलायचंय” म्हणून आत बोलावलं, तेव्हा शेजारच्या पाम गावातली दुसरी नोकरी पक्की करून मी राजीनामा घेऊनच गेले.