टाकेवालीच्या घरचे हो-काका

गल्लीत तिला सगळे टाकेवाली म्हणत. उभा जन्म तिने सरकारी दवाखान्याच्या शिवणखोलीत काढला होता. फाटक्या चादरी, उसवलेले गाऊन, ऑपरेशनच्या खोलीतली हिरवी फडकी, सगळं तिच्या मशीनखालून जायचं. "डॉक्टर माणसांना टाके घालतात, मी त्यांच्या अंथरुणाला," असं म्हणायची आणि स्वतःच हसायची. बाई बुटकी, जिभेला धार, आणि हट्टी म्हणजे किती! एकदा म्हणाली की म्हणाली.

नवरा कुलपं दुरुस्त करायचा. उंच, वाळका, बोलण्यात कंजूष. एका सकाळी बूट घालायला वाकला तो उठलाच नाही. मुलगी दुसऱ्या शहरात, नोकरी आणि संसारात गळ्यापर्यंत बुडालेली. नोकरी संपल्यावरही टाकेवाली घरी शिवणकाम करायची, पण मशीन थांबलं की घर अंगावर यायचं. वर्ष उलटलं आणि तिने एका संस्थेत जाऊन सांगितलं, "माझ्याकडे एक खोली रिकामी आहे. द्या कुणाला तरी."

त्या संस्थेचं काम साधं होतं. काही मोठ्या माणसांना एकट्याने राहणं जमत नाही, आणि त्यांचं असं कुणी उरलेलंही नसतं. त्यांना लांबलचक हॉलमध्ये खाटांच्या रांगेत ठेवण्याऐवजी कुणाच्या तरी घरात ठेवायचं. रुग्ण म्हणून नाही, भाडेकरू म्हणून नाही, घरातलं एक माणूस म्हणून. संस्थेची एक ताई अधूनमधून येऊन बघून जायची. गल्लीने कपाळावर हात मारला. मुलगी फोनवर म्हणाली, "आई, सुखाचा जीव दुःखात घालायची काय हौस आहे तुला?"

"सुखाचा जीव?" टाकेवाली म्हणाली. "कुणाचा?"

माणूस एकदम सामान घेऊन येत नाही, असा तिथला रिवाज. आधी नुसता चहाला येतो, मग दिवसभर, मग थोड्या मुक्कामाला. सगळं जमलं तर कायमचा. चहाला आलेला माणूस पन्नाशीचा होता, उंच, खांदे पुढे झुकलेले, दोन्ही हात गुडघ्यांत दाबून बसलेला. साखर किती? हो. पंखा लावू? हो. बाहेर ऊन फार आहे ना? हो. जिन्यात उभं राहून ऐकणाऱ्यांनी त्याच दिवशी त्यांचं नाव हो-काका ठेवलं. लोकांना दुसरं काम काय!

ऐकून घेणारं माणूस मिळालं म्हटल्यावर टाकेवालीच्या तोंडाचा पट्टा सुटला. वर्षभर साठलेलं सगळं तिने त्या एका चहावर ओतलं. "आमचे हे ना, त्या खिडकीजवळच्या खुर्चीत बसायचे. कपात शेवटचा घोट ठेवायचे, कधी म्हणून संपवला नाही. खोलीत शिरण्याआधी दारात खोकायचे. आणि कडी लावली की पुन्हा एकदा ओढून बघायचे. कुलूपवाल्याचा हात, दुसरं काय!" प्रत्येक गोष्टीवर हो-काका मान हलवून "हो" म्हणत होते. अभ्यास पाठ करणाऱ्या मुलासारखे त्यांचे ओठ हलत होते, ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

मुक्कामाला आल्यावर पहिल्याच दिवशी त्यांनी दाराची कडी लावली आणि पुन्हा एकदा ओढून बघितली. टाकेवालीचा हात मशीनवर थबकला. मग चहा झाल्यावर तिने कप उचलला, तर तळाशी एक घोट शिल्लक. तिला हसू आलं. दुसऱ्या दिवशी दारात खोकला आला, कोरडा, आखूड, दोनदा. ती न बघताच म्हणाली, "या ना." म्हटल्यावर मात्र तिच्या मानेवर काटा आला.

भीती वाटली, असं म्हणणं अर्धंच खरं. तिला बरंही वाटलं, आणि त्याची तिला लाज वाटली. पण लाज वाटली म्हणून माणूस थांबतो थोडाच! तिने कपाटातला राखाडी स्वेटर काढून त्यांना दिला. थंडी वाजते ना, हे कारण. खालच्या मजल्यावर न्हाव्याचं दुकान होतं. तिथे त्यांना घेऊन गेली आणि म्हणाली, "आमच्या ह्यांचे कापायचास तसेच काप." न्हाव्याने तिच्याकडे बघितलं, मग आरशात हो-काकांकडे बघितलं. काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण नुसतीच कात्री चालवली.

मुलगी आली ती भर दुपारी, न कळवता. आई स्वयंपाकघरात होती. खिडकीजवळच्या खुर्चीत राखाडी स्वेटर, केस बारीक कापलेली मान, उन्हात धरलेला हात. मुलीच्या तोंडून निघालं, "बाबा."

हो-काका सावकाश वळले आणि म्हणाले, "हो."

मुलगी भिंतीला टेकून खालीच बसली. आईने पाणी दिलं, तर पेला दातांवर वाजत होता. "याला परत पाठव," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. "आई, हा माणूस नाही गं. हे काहीतरी भलतंच आहे."

"खुळी आहेस. गरीब बिचारा माणूस आहे तो," टाकेवालीने तिला झिडकारलं. पण मुलगी गेल्यावर तिने संस्थेत फोन केला. ताई जे बोलली ते आधीच सांगायला हवं होतं. प्रत्येक घरी कोरी सुरुवात व्हावी, म्हणून म्हणे सांगितलं नव्हतं. चांगुलपणा असाही नडतो. हो-काका याआधी बऱ्याच घरांतून परत आले होते. एका घरून आले ते लंगडत. डॉक्टरांनी तपासलं, पायाला काही नाही. नंतर कळलं, त्या घरातले म्हातारे लंगडायचे, आणि हो-काका तिथे जाण्याआधीच ते वारले होते. दुसऱ्या एका घरी ते रोज संध्याकाळी फाटकाशी उभे राहून कुणाची तरी वाट बघायचे. त्या घरातली वारलेली बाई अशीच उभी राहायची, असं घरच्यांनी कधीतरी सांगितलं होतं. प्रत्येक घराला आधी बरं वाटायचं. मग घरं घाबरायची.

"मावशी, स्पष्टच सांगते," ताई म्हणाली. "या खेपेला परत आले, तर संस्था त्यांना पुन्हा घर देणार नाही. मग कायमचा हॉल. उद्या दुपारी येते मी. ठेवायचं की नाही, तेव्हा सांगा."

टाकेवालीने ठरवलं, ठेवायचं. स्वेटर काढून घेऊ, समजावू, सुधारतील. तसं मनाशी पक्कं करून दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर ती मशीनवर बसली. बाहेर ऊन तापलं होतं, खालच्या दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, गल्ली चिडीचूप. उशीचा अभ्रा शिवत असताना आतल्या खोलीतून आवाज आला.

"बुटके, चहा टाक की."

तिच्या हातातलं कापड सुईखाली तसंच सरकत गेलं आणि वेडावाकडा टाका पडला. बुटके! हा शब्द तिने जगात कुणाला सांगितला नव्हता. चारचौघांत नवरा तिला "ऐकतेस का" म्हणायचा. बुटके फक्त दोघांत, आणि तेही लाडात आला तरच. मुलीलासुद्धा माहीत नव्हतं. आणि आवाज! तोच जाडसर आवाज, शेवटचा "की" तसाच ओढलेला.

ताई आली तेव्हा टाकेवालीने हो-काकांची पिशवी भरून दाराशी ठेवली होती. "घेऊन जा," तो शब्द ताईला सांगून ती म्हणाली. "आत्ताच्या आत्ता. हॉल तर हॉल. मी वाईट ठरले तरी चालेल." हो-काका पिशवीकडे बघत उभे होते. त्यांनी का म्हणून विचारलं नाही. इतक्या घरांतून निघालेल्या माणसाला ते विचारायचं असतं, हेच माहीत नव्हतं.

ताईने त्यांना खाली बसवलं आणि हळूच विचारलं, "काका, तो शब्द तुम्हाला कुणी सांगितला?"

"बाईंनी."

"खोटं!" टाकेवाली ओरडली.

"हो," हो-काका सवयीने म्हणाले. मग त्यांनी मशीनकडे बोट दाखवलं. एवढं सलग बोलताना त्यांना कुणी ऐकलं नव्हतं. "रोज दुपारी. बाई तिथे बसतात. जाड आवाजात म्हणतात, बुटके, चहा टाक की. मग बारीक आवाजात म्हणतात, टाकते हो, धीर नाही जरासुद्धा. मग उठतात आणि चहा टाकतात. बाईंना दोघांचं काम एकट्याने करावं लागतं. मला वाटलं, एकाचं मी घ्यावं."

टाकेवालीने ताईकडे बघून हसण्याचा प्रयत्न केला. "काहीतरीच! मी बोलेन आणि मला कळणार नाही?" ती तरातरा खिडकीशी गेली आणि खाली वाकून न्हाव्याला हाक मारली. "काय रे, दुपारी माझ्या घरातून कुणाचा आवाज येतो का?"

न्हावी दुकानाच्या पायरीवर येऊन उभा राहिला. त्याने वर बघितलं नाही. हातातला वस्तरा फडक्याला पुसत राहिला.

"येतो, वहिनी," तो म्हणाला. "दादांचा."

"कधीपासून?"

"ते गेले त्याच्या पुढच्या महिन्यापासून. हे पाहुणे तर आत्ता आले. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी दुकान बंद करून पळालो होतो. मग एकदा वर आलो, तर दार उघडं, आणि तुम्हीच." त्याने मान आणखी खाली घातली. "म्हटलं, कशाला बोला. तेवढाच तुम्हाला आधार."

टाकेवाली खिडकीपासून मागे आली. तिने स्वतःच्या गळ्याला हात लावला, जणू तो दुसऱ्या कुणाचा होता. सगळं वर्ष तिला वाटत आलं होतं, की दुपार कशीतरी निघून जाते. ती कशी जाते, ते आता कळलं. मरणाला घाबरत नाही म्हणणारी ही बाई स्वतःच्या गळ्याला घाबरली. ताई तिच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. मग म्हणाली, "मावशी, काय करू? नेऊ यांना?"

"नका," टाकेवाली म्हणाली. "राहू द्या. यांनी काही चोरलं नाही. जे सांडलं होतं, ते उचललं."

ताई गेली. टाकेवालीने दार लावलं आणि हो-काकांसमोर उभी राहिली. तिने सगळं एका दमात सांगितलं. "ती खुर्ची तुमची नाही. तो खोकला तुमचा नाही. कडी एकदा लावली की पुरे. शेवटचा घोट प्यायचा असला तर प्या. तो शब्द पुन्हा उच्चारायचा नाही. आणि मी जाड आवाजात बोलले, तर मला हाक मारून थांबवायचं. कळलं?"

"हो."

त्यांनी स्वेटर काढला, नीट घडी घालून मशीनवर ठेवला. आज्ञाधारक माणूस! एका क्षणात त्यांनी सगळं सोडलं. खांदे पुढे झुकले, मान खाली आली, उंची जणू वीतभर कमी झाली. टाकेवालीच्या डोळ्यांदेखत नवरा त्या खोलीतून निघून गेला. बूट घालताना गेला तेव्हा तिने पाहिलं नव्हतं, ती बाजारात होती. आत्ता मात्र तिने पाहिलं, आणि तिनेच त्याला जायला सांगितलं होतं.

हो-काका खोलीच्या मधोमध उभे होते. "मग मी कुठे बसू?" त्यांनी विचारलं.

"कुठेही. तुम्हाला वाटेल तिथे."

हे उत्तर त्यांना बहुधा कुठल्याच घरी मिळालं नव्हतं. त्यांनी खुर्चीकडे बघितलं, पलंगाकडे बघितलं, बराच वेळ घेतला. शेवटी दाराशेजारच्या कोपऱ्यात गेले आणि जमिनीवर पाय पसरून, भिंतीला पाठ लावून बसले. त्या घरात तिथे कधी कुणी बसलं नव्हतं. असं पाय पसरूनही कुणी बसलं नव्हतं. तो एक अनोळखी माणूस होता, आणि घरात त्या दोघांशिवाय दुसरं कुणी नव्हतं.

मग टाकेवालीला रडू फुटलं. अंत्यविधीला रडली नव्हती एवढ्या मोठ्याने ती रडली. खाली न्हाव्याने दुकानाचं दार हळूच लोटून घेतलं.

हो-काका तिच्याकडे बघत होते. ते उठले नाहीत.

"बाई," त्यांनी विचारलं, "रडताना काय करायचं? ते तुम्ही सांगितलं नव्हतं."

"काही नाही," ती कसंबसं म्हणाली. "बसा नुसते."

या वेळी ते "हो" म्हणाले नाहीत. नुसते बसून राहिले.