डावी बाजू, उजवी बाजू

लॉकडाऊन उठताना पहिल्या टप्प्यात औषधं आणि किराणा उघडला. दुसऱ्या टप्प्यात बाकीची दुकानं, पण एक दिवस रस्त्याची डावी बाजू, एक दिवस उजवी. हे डोकं ज्याने लढवलं, त्याला समोरच्या दुकानदाराशी कधी बोलावंसं वाटलं नसावं.

घड्याळं दुरुस्त करणारे आमचे घड्याळकाका डाव्या बाजूला. सत्तरी ओलांडलेली, घरी एकटे. समोर उजव्या बाजूला बॅगांच्या चेन बसवणारा त्यांचा दोस्त. तीस वर्षं दोघं रस्त्याच्या आरपार ओरडून बोलत आले.

"काटे आपोआप हलतायत, की बोटाने ढकलतोयस?"

"तू आधी तुझं तोंड शिवून घे. मशीन समोरच आहे."

काकांचं दिवसभराचं बोलणं काय ते एवढंच.

आता एकाचं शटर वर, तर दुसऱ्याचं खाली. बंदच्या दिवशी काका दोस्ताकडे जाऊन बसले, तर पोलिसाने उठवलं. गिऱ्हाईक असाल तरच थांबा. मग काका गिऱ्हाईक झाले. दिवसाआड एक बॅग न्यायची, चेन बिघडलेली. ती होईपर्यंत अर्धा तास गप्पा.

चौथ्या बॅगेला दोस्ताने चेन उजेडात धरली. दोन्ही बाजू रोज उघडाव्यात म्हणून मी अर्ज फिरवत होतो, त्याची सही घ्यायला तिथेच उभा होतो.

"हे दात झिजलेले नाहीत. उपटलेत. चिमट्याने."

काका समोरच्या आपल्या बंद शटरकडे बघायला लागले.

"धंदा बसलाय म्हणून माझी कीव करतोस?"

"तसं नाही रे."

"मग कसं?"

काकांनी बॅग उचलली आणि निघाले. मी मागे धावलो. "सांगा ना त्याला, करमत नाही म्हणून येतो."

"या वयात हे तोंडाने सांगायचं?"

"मग बसा घरी फुगून," मी चिडून म्हणालो.

पालिकेत माझे अकरा हेलपाटे आणि दोन भांडणं झाल्यावर तिसऱ्या टप्प्यात दोन्ही बाजू उघडल्या. श्रेय भलत्यानेच घेतलं, घेऊ दे. मी ऐटीत बघायला गेलो. दोन्ही शटर वर, दोन्ही माना खाली. दुपारपर्यंत कुणी हाक मारली नाही.

शेवटी काका उठले, रस्ता ओलांडून मशीनपुढे उभे राहिले.

"काय काम?"

काकांचा मास्क हलला. मला वाटलं, आता बोलतील.

"काम काही नाही."

"मग गर्दी करू नका."

काका परत आले, डोळ्याला भिंग लावून रिकाम्या टेबलाशी बसले. मी निघालो तर म्हणाले, "बस ना जरा."

मला पुढच्या गल्लीत जायचं होतं. पंधरा मिनिटं बसलो.