नखाची खूण

कल्याणला माझ्या खोलीजवळ एका टायरवाल्या काकांचं दुकान होतं. लष्करी छावणीच्या लिलावातले जुने टायर ते विकत. टायर हाती आला की आधी त्यात अंगठ्याचं नख रुतवून पाहत. कॉलेजात मी घर्षणाचे नियम पाठ करत होतो, म्हणून ते मला गमतीने मास्तर म्हणत. पण त्या नखाला काय कळतं, हे विचारायचं धाडस मला कधी झालं नाही.

एकदा संध्याकाळी माझा वर्गमित्र मोटारसायकल घेऊन त्यांच्याकडे आला. दुसऱ्या दिवशी सकाळी जुन्या लष्करी धावपट्टीवर शर्यत होती. त्याने कोपऱ्यातला चकचकीत टायर उचलला.

"हाच बसवा. नक्षी कोरी आहे."

त्यांनी नख दाबलं. खूण उमटली नाही.

"नक्षी कोरी, पण रबर म्हातारं, शेठ. वळणावर धरणार नाही." मग त्यांनी अर्धा झिजलेला, मऊ टायर काढला. "हा धरेल."

"हा? लोक हसतील! तोच द्या, मी दुसरीकडे बसवून घेतो."

 सुरी घेऊन त्या चकचकीत टायरला त्यांनी बाजूने आरपार चीर दिली.

"आता न्या."

मित्र भडकला. पण शर्यत सकाळीच, आता दुसरा टायर कुठे मिळणार? झिजलेलाच बसवून गेला.

शर्यतीच्या संध्याकाळी त्यांनी मला हाक मारली.

"मास्तर, मित्र धड आहे ना?"

मी होकारार्थी मान हलवली. तो पाचवा आला, हे सांगायला तोंड उघडलं. पण तोवर त्यांनी ढिगातल्या पुढच्या टायरवर नख टेकवलं होतं.