रसकापुराची रद्दी

कपाट उघडलं. खालचा कप्पा रिकामा होता. नुसता रिकामा नव्हे, झाडून पुसून, आत डांबराच्या गोळ्या टाकून रिकामा.

"अप्पा, खालचे कागद कुठे गेले?"

अप्पा म्हणजे आमच्या वनस्पती संशोधन मंडळाचे अध्यक्ष. निवृत्त प्राध्यापक. दोन दिवसांवर मंडळाचा वर्धापनदिन होता आणि ते स्टुलावर चढून भिंतीवर दीपकाडी या रानफुलाचा फोटो टांगत होते.

"ती रद्दी ना? विनायकला दिली. काल संध्याकाळी गाडी घेऊन आला होता. आंब्याच्या पेट्यांत घालायला हवी म्हणाला."

मी खुर्ची शोधली. खुर्च्याही रंगवायला गेल्या होत्या. मी जमिनीवरच बसले.

आता हे प्रकरण नीट कळायला आमचा धंदा थोडा समजून घ्यावा लागेल. मी मंडळाच्या हर्बेरियमची क्युरेटर. हर्बेरियम म्हणजे वाळवलेल्या झाडांचं ग्रंथालय. सड्यावरून, म्हणजे कातळाच्या पठारावरून, किंवा देवराईतून एखादी फांदी आणायची, वर्तमानपत्रात घालून लाकडी प्रेसमध्ये आवळायची, वाळली की जाड कागदावर चिकटवायची. पुढे शंभर वर्षांनी कुणी विचारलं, रत्नागिरीच्या सड्यावर हे झाड होतं का, तर पुरावा तयार.

या कामाला वर्तमानपत्रं लागतात. ढिगानं लागतात. मंडळ काढलं ते चार-पाच शिक्षकांनी, आणि त्यांच्याजवळ उत्साहाखेरीज काही नव्हतं. म्हणून त्यांनी पहिल्या दिवसापासून एक रीत घातली: वर्गणी उशिरा दिलीत तरी चालेल, पण मीटिंगला येताना रद्दी आणा. आजही आमचे सभासद काखोटीला गठ्ठा मारून येतात. आम्ही बातम्या वाचत नाही. आम्ही त्यांत फुलं झोपवतो.

तर इतक्या वर्षांत रद्दी मंडळात आली होती, बाहेर कधी गेली नव्हती. काल पहिल्यांदा गेली. आणि नेमकी ती गेली.

वाळलेल्या झाडाला कसर लागते. बारीक किडे पानांची चाळण करून टाकतात. आज आम्ही नमुने फ्रीझरमध्ये ठेवून किडे मारतो. पूर्वी फ्रीझर नव्हता. तेव्हा सगळीकडे एकच उपाय होता: मर्क्युरिक क्लोराइड. आपल्या आजीच्या भाषेत रसकापूर. तो स्पिरिटमध्ये विरघळवायचा, त्यात झाड बुडवायचं आणि पुन्हा वर्तमानपत्रात दाबून सुकवायचं. झाड विष पितं, किडा मरतो. पण झाडाबरोबर कागदही विष पितो. ते कागद जाळता येत नाहीत, पाऱ्याचा धूर होतो. पुरता येत नाहीत, विहिरी आहेत. म्हणून आमच्या वडीलधाऱ्यांनी ते व्यवस्थित घड्या घालून, सुतळीनं बांधून खालच्या कप्प्यात ठेवले आणि दारावर लाल अक्षरांत लिहिलं: विष. हात लावू नये.

"दारावर लिहिलं होतं, अप्पा!"

अप्पा स्टुलावरून उतरले. दोघांनी दाराकडे बघितलं. दार सुंदर दिसत होतं. बदामी ऑइलपेंट, दोन हात.

"रंगाऱ्यानं..." अप्पा म्हणाले आणि त्यांनी दारावरून बोट फिरवलं.

विनायक आमचाच सभासद. बसणी गावाच्या पुढे, आरे-वारेच्या रस्त्याला त्याची हापूसची बाग आहे. त्याचा माल रोज संध्याकाळी टेम्पोनं मुंबईला, वाशीच्या बाजारात जातो. आणि आंबा आपण कसा खातो? फोडी करणारे करतात. बाकीचे देठ दातानं तोडतात, साल तोंडात धरतात आणि चोखतात. पोरं तर कोयीपर्यंत चोखतात. माझ्या डोळ्यांपुढे मुंबईतली अनोळखी पोरं यायला लागली. एकामागून एक. सगळ्यांच्या हनुवटीवरून रस ओघळत होता.

विनायकचा फोन लागेना. मी रसायनांच्या फळीवरून पोटॅशियम आयोडाइडची बाटली आणि ड्रॉपर उचलला. रसकापुरावर त्याचा थेंब पडला की शेंदरी रंग येतो. बाटली पर्समध्ये टाकली आणि स्कूटर काढली. अप्पा मागे बसले. नेहमी ते "हळू, हळू" म्हणतात. त्या दिवशी म्हणाले, "जरा जोरात घे."

शेडसमोर टेम्पो उभा होता. निम्मा भरलेला. विनायक हसत पुढे आला. "या मॅडम! अप्पा पण? पेटी न्यायला आलात की काय?"

"विनायक, कालची रद्दी कुठाय?"

"ही काय, पेट्यांत. का वो?"

मी सांगितलं. त्याचं हसू ओठांवरच वाळलं. त्यानं आधी ड्रायव्हरकडे बघितलं, मग रस्त्याकडे.

"मॅडम, हळू बोला. पाया पडतो, हळू बोला. रत्नागिरीच्या आंब्यात विष, एवढं एक वाक्य वाशीला पोचलं ना, तर मी एकटा नाय मरायचा. अख्खा तालुका मरेल."

"आणि नाही बोलले तर कोण मरेल?"

त्यानं भरलेल्या पेट्यांकडे बघितलं. मग स्वतःच ड्रायव्हरला ओरडला, "राजा, माल उतरव!"

पहिली पेटी फोडली. कागदावर थेंब टाकला. तिघंही वाकून बघत होतो. दुसरा थेंब अप्पांच्या चपलेवर पडला. कागद ओला झाला. पांढराच राहिला. दुसरी पेटी. पांढरा. पाचवी, दहावी. पांढरा. मी कागद उन्हाकडे धरून बघितला आणि मग माझ्या लक्षात आलं. आमच्या कागदांवर पानांचे डाग असतात. झाड सुकताना आपली तपकिरी सावली कागदावर ठेवून जातं. इथे एकाही कागदावर सावली नव्हती. बातम्या होत्या, जाहिराती होत्या, झाड एकही नव्हतं.

"हे आमचे कागदच नाहीत!" मी जवळजवळ नाचलेच.

विनायक धापकन पेटीवर बसला. "मग ही माझी घरची रद्दी. शेवंतीताईला विचारतो." शेवंतीताई म्हणजे त्याच्या शेडमधली पॅकिंगची मुख्य. पेटीत कुठला आंबा, कुठला कागद, सगळं तिच्या हुकमानं चालतं. "शेवंतीताय! कालचा अप्पांचा गठ्ठा खंय टाकलास?"

शेडच्या मागून आवाज आला. "तो डागाळलेला? तो नाय पेटीत घातला बाबा. मुंबईचं गिऱ्हाईक डाग बघून म्हणतं आंबा सडला. तो आमी जेवायला घेतला!"

जेवायला.

मी तशी धावणारी बाई नाही. पण त्या दिवशी शेडला वळसा घालून मी कशी पोचले, ते मला आजही ठाऊक नाही. फणसाच्या सावलीत पाच-सहा बायका गोल बसल्या होत्या. प्रत्येकीपुढे आमचा एकेक कागद. कागदावर तांदळाची भाकरी, भाकरीवर सुकटीची चटणी. दोघीतिघींच्या डब्याची झाकणं अजून लागलेली होती. शेवंतीताईचा घास तोंडात होता.

"थुंका!" मी किंचाळले. "थुंका आधी!" आणि मी त्या पंगतीत घुसून कागद ओढायला सुरुवात केली. भाकऱ्या उडाल्या. सुकट उडाली. एक डबा घरंगळत चुलीपर्यंत गेला.

"अगो बाई, येडी झाली काय ही?"

"वो मॅडम, अन्नाला लाथ मारता?"

शेवंतीताई उठली. उंच, धिप्पाड बाई. तिनं माझं मनगट धरलं. "शिकलेल्या तुमी. गरिबाच्या भाकरीवर पाय देता?"

मी दुसऱ्या हातानं पर्समधली बाटली काढली. तिच्या पुढ्यातल्या कागदावर, जिथे भाकरी होती तिथे, मी थेंब टाकला. तो शेंदरी झाला. बघता बघता, देवाला शेंदूर लावावा तसा.

"रसकापूर आहे," मी म्हणाले.

तो शब्द त्यांना समजला. मनगट सुटलं. शेवंतीताईनं तोंडातला घास थुंकला, आणि मग हळूच म्हणाली, "मी दोन घास गिळलंय."

सगळ्या बायकांना सिव्हिल हॉस्पिटलात नेलं. तिथे डॉक्टरांनी विचारलं, "काय खाल्लं?" विनायकनं माझ्याकडे बघितलं. अप्पांनी बघितलं. बाधलेली सुकट म्हणून सांगणं किती सोपं होतं, ते तिघांच्याही डोळ्यांत स्पष्ट दिसत होतं. मंडळाचं नाव, बागेचं नाव, सगळं एका सुकटीखाली झाकलं गेलं असतं. मी तोंड उघडणार तेवढ्यात अप्पाच बोलले.

"मर्क्युरिक क्लोराइड. आमच्या हर्बेरियमच्या कागदावरून. कागद मी दिले. माझं नाव लिहून घ्या."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि नर्सला हाक मारली. नंतर आम्हाला बाजूला घेऊन म्हणाले की विष थोडं गेलं असेल तर काही होणार नाही, जास्त असेल तर आधी पोट आणि मग मूत्रपिंडं. थोडं की जास्त, ते रक्त-लघवीच्या तपासण्या सांगतील. तोवर थांबायचं.

आम्ही थांबलो. मी आयुष्यात सापाच्या बिळाशेजारी बसून फुलं मोजली आहेत, कड्याला लोंबकळून फांदी तोडली आहे आणि ते किस्से रंगवून रंगवून सांगितले आहेत. त्या बाकड्यावर मला एकही किस्सा आठवला नाही. पलीकडे पलंगावर शेवंतीताई छताकडे बघत पडली होती. तिची सून दर थोड्या वेळानं येऊन मला विचारायची, "काय होईल वो?" आणि झाडांची हजार लॅटिन नावं पाठ असलेली मी एवढंच म्हणायचे, रिपोर्ट येऊ देत.

दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आले. नॉर्मल. पुन्हा तपासणी झाली, तीही नॉर्मल. बाकीच्या बायकांचेही रिपोर्ट चांगले निघाले. शेवंतीताईला घरी सोडलं तेव्हा अप्पा व्हरांड्यात भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. बराच वेळ चष्मा पुसत होते.

कागद आम्ही हातमोजे घालून एकूणएक गोळा केले. मंडळाचा एक सभासद लोटे एमआयडीसीतल्या एका कंपनीत केमिस्ट आहे. त्यानं ते ड्रममध्ये सील करून घातक कचऱ्याच्या रीतसर वाटेला लावले. जे काम चाळीस वर्षं जमलं नव्हतं, ते आठवड्यात झालं. भीती ही फार कार्यक्षम सेक्रेटरी असते.

वर्धापनदिन पुढे ढकलला होता. तो झाला तेव्हा अप्पांनी शेवंतीताईला पाहुणी म्हणून बोलावलं. ती नवी साडी नेसून आली. भाषणं झाली, आणि तिनं मला कोपऱ्यात गाठलं.

"माझ्या भाकरीखाली कोण होतं, ते दाखवा."

त्या कागदावरची सावली मी विसरणं शक्य नव्हतं. मी हातमोजे चढवले, कपाटातून नमुना काढला आणि काचेखाली ठेवला. लांबट, कातरलेल्या कडांची पानं. सुकून तपकिरी पडलेली, पण एकही भोक नाही.

तिनं वाकून बघितलं. "ही तर भारंगी! दर पावसात भाजी करतो आमी हिची. हिला कशाला विष पाजलंत?"

"टिकावी म्हणून."

शेवंतीताईनं भारंगीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि पदर खोचला.

"टिकली खरी," ती म्हणाली. "मीच टिकले नसते."

हल्ली मी त्या शेडवर गेले की लांबूनच ओरडा होतो: मॅडम आल्या, भाकऱ्या झाका! मंडळात रद्दी अजूनही येते. बाहेर जात नाही. आणि विष ही पाटी आम्ही आता दारावर लिहीत नाही. दार रंगवता येतं. आम्ही ती विष प्यायलेल्या नमुन्यांच्या प्रत्येक कागदावर लिहितो.